मंदाचे गुलाबी बूट

रविवार, १ डिसेंबर १९५७

लारसनबाईंनी मंदाला सांगितलं, रोज काय सराव केलास ते लिहून ठेवत जा. घरी पोहोचायच्या आत मंदाने ते काम माझ्यावर ढकललं. "आत्या, तू लिही. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे." इतकी वर्षं एका घरात राहतोय, माझ्या अक्षराचं कौतुक तिला आजच सुचलं. पण तिची सातवी, त्यात हा नाच, लेकराने करावं तरी किती. म्हणून मी लिहिते. मी सुमन, मंदाची आत्या. दिवसा कारखान्यात औषधाच्या कुप्या खोक्यांत भरते आणि उरलेला वेळ मंदाच्या मागे असते.

आज बूट आले. लारसनबाई डेन्मार्कच्या. त्यांचे साहेब कारखान्यात यंत्रं बसवायला आले आणि बाई बंगल्यात बसून कंटाळल्या, म्हणून त्यांनी कॉलनीतल्या मुलींना बॅले शिकवायला घेतलं. बाकीच्या मुली मऊ जोड्यांत नाचतात. मंदा मोठी, म्हणून तिच्यासाठी बाईंनी बहिणीकडून बोटीने हे खास बूट मागवले. बोटांच्या अगदी टोकावर उभं राहून नाचायचे. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात मंदा हे घालून एकटी नाचणार. मोठे साहेब येणार आहेत.

बूट गुलाबी साटिनचे, हाताला सायीसारखे आणि टोकाला मात्र उखळासारखे टणक. मला वाटलं बाई ते जपून हातात देतील. त्यांनी टोक दाराच्या बिजागरीच्या फटीत घातलं आणि दार लावलं. करकरून आवाज झाला. कोऱ्या वस्तूची ही दशा बघून मी दार धरायला धावले. बाई म्हणाल्या, "पहले इसको मारना. फिर मंदा घर में पहनेगा, रोज थोड़ा थोड़ा. तब ये पाँव का दोस्त बनेगा."

मंदाला एकटीला पाठवायचं नाही ही दादाची अट, म्हणून शिकवणीला मी बरोबर जाते. बसलं की मला झोप येते, तेव्हा मी मागे खिडकीचा गज धरून उभी राहते. उभंच राहायचं तर मुलींबरोबर पाय हलवायला आपलं काय जातं? दोन वर्षं हे चाललंय. बाई येता-जाता माझाही गुडघा सरळ करतात. त्यांना सवय असेल.

बुधवार, ४ डिसेंबर

मंदाचा सराव: भाताला उकळी येईपर्यंत बूट घातले. मग अंगठ्याला फोड, आणि रडारड.

वहिनी म्हणाली, "पोरीचं पाय हायत का खुट्या? काय त्ये परदेशी सोंग." दादा बॉयलरवरनं नुकताच आला होता. त्याने बूट उलटा करून पाहिला, वाकवायला गेला, वाकेना. "दोन दिस एरंडेल पाजा ह्याला. कापशीची वहाण सुदिक तेल प्याल्याबिगर वळत न्हाई." तो खरंच बाटली शोधायला उठला. मी बूट पिठाच्या डब्यामागे लपवले. साटिनला तेल लागलं असतं तर बाईंना काय तोंड दाखवलं असतं?

पण दादाने वहाणांचं नाव काढलं आणि मला मार्ग सुचला. आमच्या घरात नवीन पायताण ज्याचं त्याने कधीच रुळवलं नाही. ते काम माझं. कागलला असताना दादाच्या वहाणांत चिंध्या कोंबून मी विहिरीपर्यंत खेपा घालायची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिचे जोडे मीच मऊ करून दिले. मंदाचे शाळेचे बूटही यंदा जूनमध्ये आठवडाभर माझ्याच पायांत होते. माझे पाय लहान आणि शेतात वाढलेले. चावून चावून शेवटी चपलाच दमतात. मंदाचं आणि माझं माप आता एकच आहे. तेव्हा हे बूट मी रुळवीन आणि तयार झाले की मंदाला देईन.

मंदाला विचारलं. म्हणाली, "तूच घाल आत्या. हवे तितके दिवस घाल." फार समजूतदार पोर आहे.

शनिवार, ७ डिसेंबर

मंदाचा सराव: नाही. शाळेतनं उशिरा आली.

मी मात्र कामावरून आल्यावर बूट बांधले. वहिनीच्या वातींच्या कापसातला थोडा टोकाशी घातला. शहाबादी फरशी घसरते, म्हणून तिच्यावर पाण्याचा हबका मारला. मग ओटा धरला आणि बाई सांगतात तसं पोट आत घेऊन वर गेले.

आई गं. बोटं कुणी अडकित्त्यात धरावीत तशी कळ आली आणि लगेच खाली आले. परत गेले. चौथ्या-पाचव्या वेळेला वर जरा थांबता आलं. तिथून फडताळाची वरची फळी दिसते. फळीवर धूळ आहे, आणि धुळीत वहिनीने आमच्यापासून लपवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा आहे. एक लाडू खाल्ला.

मंदाने एवढं सोसायचं म्हणजे कठीण आहे. बरं झालं मी घातले.

मंगळवार, १० डिसेंबर

मंदाचा सराव: थोडा, मऊ जोड्यांत.

बूट फार वाजतात. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आज ते पायरीवर आपटले, पण तरी ठक ठक होतंच. खालच्या बिऱ्हाडाचे नानासाहेब जिन्यात भेटले. "काय हो सुमनताई, रोज संध्याकाळी मिरच्या कांडता वाटतं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्रीच्या जेवणाआधी त्यांची बायको वाटी घेऊन आली, घरचं ताजं तिखट आहे तर थोडं द्या म्हणून. वहिनीने बरणीतलं दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस.

सोमवार, १६ डिसेंबर

कारखान्यात माझ्या शेजारी खातूनबी बसते. वयाने मोठी, हात यंत्रासारखा चालतो आणि जीभ हाताच्या पुढे. तिचा शिलाईचा हात चांगला म्हणून बुटांच्या फिती लावायला तिच्याकडे नेले. फिती घोट्याला नेमक्या बसायला हव्यात. मंदा शाळेत होती, म्हणून मी माझा पाय पुढे केला.

"जूती मंदाची आणि नाप तुझ्या पायाचं?" ती टाका घालता घालता म्हणाली.

"माप एकच आहे."

"असेल की. पण सुमन, तू हल्ली खोकी वरच्या फळीवर ठेवताना स्टूल घेत नाहीस. टाचा उचलतेस आणि ठेवतेस. आणि हसतेस."

मी म्हटलं, स्टूल डुगडुगतं. ती म्हणाली, "डुगडुगतं खरं, पण स्टूल नाही."

या बाईचं निम्मं बोलणं मला कळत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

मंदाचा सराव: शिकवणीला मऊ जोडे. बाईंनी बुटांचं विचारलं. मंदा म्हणाली, घरी चालू आहे. खोटं काही बोलली नाही.

मी आता ओटा सोडून चार पावलं जाते. वर राहून चालताना पाय टेकतात की नाही हेच समजत नाही. आज स्वयंपाकघरातून गॅलरीच्या दारापर्यंत गेले, वळले, आणि दारात वहिनी.

"वन्सं, हे मंदासाठीच चाललंय न्हवं?"

"हो तर. रुळवतेय."

"मंदा तर तिकडं पटांगणात खो-खो खेळतिया."

"खेळू दे. पळण्याने पाय तयार होतात."

वहिनी आत आली. पाटावर बसली, गुडघ्याला मिठी घातली आणि म्हणाली, "आणखी एकदा वर जा बघू." मी गेले. मग तिने पुन्हा सांगितलं. शेवटी आमटीची फोडणी जळली तेव्हा दोघी भानावर आलो. दादाने जेवताना विचारलं, आमटीला कसला वास येतोय. वहिनी म्हणाली, डाळ नवीन हाय.

शनिवार, २८ डिसेंबर

आज बूट मंदाला द्यायचे ठरवलं होतं. हातात घेऊन वाकवून पाहिले. टाचेजवळ अजून जरा कडक वाटले. पुढच्या आठवड्यात देईन.

गुरुवार, २ जानेवारी १९५८

डाव्याचं टोक थोडं कडक आहे. रविवारी देईन.

रविवार, ५ जानेवारी

काय लिहू. माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

आज मंदाने शिकवणीत बूट बांधले. वर गेली आणि कलली. पुन्हा गेली, पुन्हा कलली. बूट एका जागी वाकायचा आणि तिचा पाय दुसऱ्याच जागी. बाईंनी ग्रामोफोनची तबकडी थांबवली. खाली बसून बूट काढला, तळवा दोन्ही अंगठ्यांनी दाबत गेल्या, आत बोटं घालून पाहिली. मग विचारलं, "ये कौन पहना?"

मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. आमच्याकडे पायताण कसं रुळवतात तेही. बाई आधी चक्क हसल्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला. हे बूट चपलांसारखे सगळ्यांसाठी मऊ होत नाहीत म्हणे. आतलं कापड आणि खळ अंगातल्या उबेने ज्याच्या पायात असेल त्याच्याच पायाचं रूप घेतात, आणि एकदा घेतलं की दुसऱ्याचे होत नाहीत. दुसरा जोड बोटीने यायचा तर उन्हाळा उजाडेल.

म्हणजे मंदाचा नाच मी घालवला. इतकी वर्षं जे काम डोळे झाकून केलं, त्यानेच घात केला. पोरीने ओंजळीत तोंड लपवलं होतं, खांदे नुसते हलत होते. मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी बूट माझ्यापुढे धरले. "आप पहनो." मी नको नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी बांधले. बाईंनी मंदाच्या नाचाची तबकडी लावली. तो नाच मला पाठ आहे, दोन वर्षं मागे उभी राहून दुसरं केलं काय? सगळा नाचले. ओटा नव्हता, भिंत नव्हती, वर फडताळ नव्हतं. थांबले तेव्हा बाई खिडकीपाशी जाऊन नाक पुसत होत्या. त्यांना सर्दी झाली असावी. मग म्हणाल्या, "छब्बीस तारीख, आप करेगा."

वाटेत मंदाला म्हटलं, मला माफ कर. ती माझ्या गळ्यात पडली. "आत्या, तू नाच ना गं. माझी शप्पथ." एवढासा जीव, केवढा त्याग.

सोमवार, ६ जानेवारी

दादा नाही म्हणाला.

रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, "सुमे, मंदा ल्हान हाय. तिचं कौतुक हुतंय. तू तिशीला आलीस. आपल्या गावाकडं बाईमाणूस फळ्यांवर उभं ऱ्हाऊन नाचलं तर त्येला काय म्हणत्यात, तुला ठावं हाय. आन् त्या दिवशी कासारवाडीची माणसं येनार हायत." कासारवाडीचं स्थळ म्हणजे बबनराव. त्यांचे मामा आमच्याच कारखान्यात गोदामात आहेत. पत्रिका जुळली आहे. दादाने दोन वर्षं पायपीट करून ते जमवत आणलंय.

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. त्याचं बरोबरच आहे. बूट फडताळात ठेवले. माझं काय, मी बरी आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

सराव नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

मंदाच्या सरावाबद्दल लिहायचं म्हणून बसले, तर तिचाही नाही आणि माझाही नाही. खरं लिहू? मला तो नाच करायचा आहे. मंदासाठी नाही, बाईंसाठी नाही. मला वर जायचं आहे. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं आणि मग जास्त वाईट वाटलं. आज स्टुलावर चढून खोकी ठेवली. खातूनबीने स्टूल धरून ठेवलं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

वहिनीच्या डोक्यात आज काय आलं कोण जाणे. दादा तिळगुळाची वडी तोंडात टाकून निवांत बसला होता, आणि तिने गरम पाण्याचं घमेलं आणून नेमकं त्याच्यासमोर माझ्यापुढे ठेवलं. "वन्सं, सणाचं पाय धुवा." म्हटलं, मोरीत धुते. "हितंच धुवा." सणासुदीला वाद नको म्हणून मी पाय पाण्यात सोडले.

दादाची नजर गेली. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आहेत, बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडलेत, टाचेमागे सालटं निघालंय. तो जवळ आला, उकिडवा बसला आणि माझा पाय पाण्यातून उचलून हातात घेतला. अंगठ्याने घट्टा दाबून पाहिला.

"हे त्या बुटांनी झालंय?"

"हो."

"कवापासनं?"

"महिना होऊन गेला."

"आन् तरी घालत हुतीस? दुखत हुतं तरी?"

"आधी दुखायचं. वर गेलं की दुखत नाही."

दादाने पाय सोडला नाही. लग्नाआधी तो कागलच्या तालमीत होता. कुस्तीत रगडून रगडून त्याचे दोन्ही कान फुटून गड्डे झालेत. त्याचा हात आपसूक कानाकडे गेला. म्हणाला, "आमचं वस्ताद म्हनायचं, ज्याचं कान शाबूत त्यो पैलवान न्हवं. मला वाटलं ह्यो नखरा हाय, सुमे. ही तर मेहनत हाय."

मग त्याने वहिनीकडून तेल कोमट करून घेतलं, त्यात हळद घातली आणि तालमीत पोरांचे पाय चोळायचा तसे माझे चोळले. मला रडू आलं. धाकट्या बहिणीच्या पायांना हात लावू नको म्हटलं, तर म्हणाला, "गप. उद्यापासनं परत घाल बूट."

"आणि कासारवाडीची माणसं?"

"बघू देत की. डोळं हायत त्यास्नी."

"स्थळ गेलं म्हणजे?"

"गेलं तर गेलं. तू तेवढी पडू नगंस. पैलवानाची भन फळ्यांवर आडवी झाली, तर मला बॉयलरवर तोंड न्हाई दावता येनार."

रविवार, १९ जानेवारी

पोशाखावरून रणकंदन. बाईंना झगा गुडघ्यापर्यंत हवा, दादाला घोट्यापर्यंत. शेवटी खातूनबीने तोड काढली. आत पांढरी सलवार आणि वरून पिंपरी कॅम्पातनं आणलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा घेरदार झगा. दादाने झगा उजेडात धरला. "ह्यातनं तर समदं दिसतंय." खातूनबी म्हणाली, "भाईसाब, आत सलवार आहे. दिसले तर डासच दिसतील."

नानासाहेबांना वहिनीने खरं सांगून टाकलं. आता ते रोज संध्याकाळी खालून हाक देतात, "आज कांडण नाही का?"

शनिवार, २५ जानेवारी

भीती वाटते. माझ्या वयाच्या बायकांची पोरं उद्या पुढच्या रांगेत बसतील. मी मच्छरदाणी घालून नाचणार. बबनराव बघणार. लोक हसले तर? आज सरावात डावा घोटा दोनदा मुरगळला. दादाने बॉयलरवरची माणसं नेऊन रंगमंचाच्या फळ्या स्वतः ठोकल्या आणि प्रत्येक फळीवर उड्या मारून पाहिल्या. आपल्याला बघायला लाज वाटेल म्हणून मागे उभा राहीन, असं म्हणत होता.

रविवार, २६ जानेवारी

पडदा गेला तेव्हा पहिल्यांदा मला फक्त पांढऱ्या टोप्या दिसल्या. कुणीतरी खरंच हसलं. बाईंनी आतून तबकडीवर सुई टेकवली. मी पोट आत घेतलं आणि वर गेले.

पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की बूट माझ्या पायांत नव्हतेच, पायच तसे झाले होते. मधल्या गिरकीला डावा घोटा थरथरला आणि मनात म्हटलं, आता आडवी. मग वाटलं, पडायचंच तर वरून पडू, आणि टाच खाली टेकवली नाही. घोटा आपोआप सावरला. शेवटी हात वर करून टोकावर उभी राहिले. सूर संपला. मी खाली आले.

कुणी टाळी वाजवेना. अख्खं मैदान चिडीचूप. कुणाला कळलंच नव्हतं की संपलं. आणि मग अगदी मागून, कुस्तीच्या फडात पुकारतात तसा दादाचा आवाज आला, "भले शाब्बास, पठ्ठे!" शाब्बासकी पैलवानाची होती, पण मला लागू पडली. मग मात्र टाळ्या थांबेनात. मोठे साहेब उभे राहिले. खातूनबी बाकावर चढून शिट्टी वाजवत होती, असं वहिनी सांगते. मला खोटं वाटत नाही.

मंदा तेवढ्यात धावत आली, गुडघे फुटलेले. आजच तिचा शाळेचा खो-खोचा अंतिम सामना होता. मला माहीतच नव्हतं. मन रमवायला बिचारीने त्यात नाव दिलं असणार. जिंकल्या म्हणे.

रविवार, २ फेब्रुवारी

बबनरावांचे मामा कासारवाडीचा निरोप घेऊन आले. मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात हे चालणार नाही. दादाने ऐकून घेतलं आणि मामांना चहा पाजून वाटेला लावलं. मग माझ्याकडे बघत राहिला. मला वाईट वाटलं का, हे मीही तपासून पाहिलं. थोडं वाटलं, दादाच्या पायपिटीचं. बबनरावांचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी लारसनबाई घरी आल्या. पहिल्यांदाच. वहिनीने लपवलेले लाडू काढले. बाई म्हणाल्या, हे बूट आता महिनाभर टिकतील, मग मोडतील. त्या बहिणीला नवीन जोड पाठवायला सांगणार आहेत, तर पायाचं माप हवं. वहिनीने सवयीने हाक मारली, "मंदे, ये गं हिकडं."

"मी कशाला?" मंदा म्हणाली आणि बाहेर पळाली.

दादाने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. कानावरची पेन्सिल काढून थुंकीने ओली केली. "सुमे, उभी ऱ्हा." मी कागदावर पाय ठेवला. तो टाचेपासून हळूहळू रेघ ओढत निघाला. इतक्या चपला पायांत घातल्या, पण माझ्या पायाचं माप असं कुणी घेतलं नव्हतं. पेन्सिल तळव्याच्या खोबणीत शिरली, गुदगुल्या झाल्या आणि मी हसले. रेघ वाकडी गेली.

दादाने पान उलटलं. म्हणाला, "हसू नगं. परत उभी ऱ्हा."